मिसरीची सुट्टी: शुगरच्या एका पेशंटचं प्रकरण

आधीच सांगते, मावशींची ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय, आणि मी ज्या दवाखान्यात काउन्सेलर म्हणून बसते त्याचंही नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणातली पहिली चूक आमचीच आहे. मावशींच्या केसपेपरवर "व्यसन : नाही" असं लागोपाठ चार वेळा लिहिलेलं होतं आणि त्यातलं चौथं "नाही" माझ्या अक्षरातलं होतं.

मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, माहेर निफाडकडचं, लग्नानंतर पंचवटीतच. नवरा आधी भाजी मार्केटला हमाली करायचा, आता घरीच, देशी पितो (नाशिकला लोक कौतुकानं वाइन कॅपिटल म्हणतात, त्या कौतुकाचा आणि याच्या क्वार्टरचा काही संबंध नाही). मोठा मुलगा अंबडला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. मावशी टोळीत जातात, म्हणजे सकाळी दिंडोरी नाक्यावरून पिकअपमधे बसून दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांत. ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबर-जानेवारीत विरळणी असते, घडातले जास्तीचे मणी छोट्या कात्रीनं काढायचे, दिवसभर मान वर करून मांडवाखाली उभं राहायचं. शुगर निघून नऊ वर्षं झालेली. डिसेंबरात आल्या तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, १०.४, उपाशीपोटीची २१२, आणि पेपरवर आमच्याकडचा ठरलेला शेरा, गोळ्या अनियमित.

त्या दिवशी त्या शुगरसाठी आल्याच नव्हत्या, खालची दाढ ठणकत होती आणि गाल सुजलेला होता. मी फॉर्म भरत होते, तंबाखू? नाही. गुटखा? छे. विडी? "ओ ताई, मी काय गडी हाये का?" म्हणून त्या हसल्या आणि हसताना तोंडावर पदर धरला, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट दिसलं. पेरापासून वर काळपट, नखाच्या कडेला तर पक्का काळा रंग. द्राक्षाच्या कामानं हाताला हिरवा चिकट राप चढतो, तो मला माहितीये, हा तो नव्हता. मग मी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, मावशी, सकाळी दात कशानं घासता?

"मिसरीनं. अजून कशानं?"

एवढं सरळ उत्तर. लपवायचं असं काही त्यांच्या मनात नव्हतंच, कारण त्यांच्या हिशोबात तंबाखू म्हणजे जी मळून गालात धरतात ती, आणि व्यसन म्हणजे नवरा रात्री करतो ते. मिसरी म्हणजे दात घासणं. कोणी मशेरी म्हणतं, कोणी मिश्री, वस्तू एकच. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून बारीक पूड करायची. मावशी दर आठ-दहा दिवसांनी भाजतात, तेव्हा चाळीतल्या अर्ध्या लोकांना ठसका लागतो आणि शेजारीण ओरडते, "भाजली का गं, मला पण ठेव चिमूटभर". पूड भरायची एक जुनी पत्र्याची डबी आहे, झाकणावरचं चित्र पुसून गेलंय, ती कंबरेला पिशवीत असते. दिवसातून किती वेळा? बोटांवर मोजून म्हणाल्या पाच, मग थोडं थांबून, "विरळणीला सहा".

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं, हे काही माझं संशोधन नाही. मुंबईत ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ लोकांचा एक मोठा सर्व्हे झाला होता, १९९६ ला प्रसिद्ध झाला, घरोघर जाऊन, छोटे हँडहेल्ड कॉम्प्युटर वापरून. त्यात ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, जवळपास सगळ्या बिनधुराची, आणि त्यात मिसरी सगळ्यात जास्त. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातला आकडा पुरुषांत ३५.५ टक्के आणि बायकांत १७ टक्के आहे, आणि त्या सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत मिसरी, गुल, गुडाखू (सगळे दातांना-हिरड्यांना लावायच्या तंबाखूचे प्रकार) नावं घेऊन विचारतात. आमच्या फॉर्मवर एकच चौकोन, तंबाखू, हो किंवा नाही. १९९२ साली सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेलीला कोण काय करणार.

दाढेचं लवकर उरकते. डेंटिस्टकडे पाठवलं, दोन दात हलत होते, दाढ काढली, हिरड्या खराब. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत इन्फेक्शन राहिलं की शुगर खाली यायला त्रास होतो, हे चक्र मावशींना लगेच पटलं. खालच्या ओठाच्या आत एक पांढरट चट्टा होता, तो दर तीन महिन्यांनी बघायचा ठरलं, आणि अजून तरी तो तसाच आहे.

आता मुख्य भाग. गोळ्या अनियमित का? आर्थर क्लाइनमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचे प्रश्न आम्हाला ट्रेनिंगमधे शिकवले होते, पेशंटला त्याच्या आजाराबद्दल काय वाटतं ते काढून घेणारे, याला तुम्ही काय म्हणता, हे कशामुळे झालं, तेव्हाच का सुरू झालं, याची कशाची भीती वाटते वगैरे. मराठीत पुस्तकी विचारले की माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो, म्हणून मी गप्पा मारत मारतच विचारलं, मावशी ही शुगर अंगात आली कुठून? तर म्हणाल्या, "टेन्शननं. पोरीच्या लग्नाचं कर्ज झालं त्याच वर्षी निघाली. गोड मी आधीपण खात नव्हते." मग भीती कशाची? मला वाटलं डोळे जायची म्हणतील, पाय कापायची म्हणतील, पोस्टरवर तेच असतं. त्या म्हणाल्या, "गोळीची."

गोळी घेतली की चक्कर येते. बागेत, दहाच्या सुमाराला, हातपाय थरथरतात, अंधारी येते. दोनदा खाली बसल्या तर टोळीतल्या बायका म्हणाल्या औषध फवारलंय त्याचा वास लागला असेल. एकीनं गुळाचा खडा दिला, बरं वाटलं. मग मावशींनी स्वतःच नियम केला, कामाचा दिवस असेल तर गोळी नाही, सुट्टी असेल तर गोळी. सीझनमधे सुट्टी कितीशी असते? त्यांच्या बाजूनं बघितलं तर अगदी शहाणपणाचा निर्णय, मांडवाखाली कात्री हातात असताना तोल गेला तर काय. आणि हे त्यांनी आम्हाला नऊ वर्षांत सांगितलं का नाही, तर कोणी विचारलंच नाही, "गोळ्या घेता का नाही" एवढंच विचारलं आणि रागावले.

मी एका गुरुवारी पहाटे त्यांच्याबरोबर गेले. मॅडमची, म्हणजे आमच्या मेडिकल ऑफिसरची, परवानगी घेऊन, ग्लुकोमीटर पर्समधे टाकून. पावणेपाचला मावशी उठतात, ओसरीच्या कडेला बसून मिसरी, दहा-पंधरा मिनिटं, मग पोट साफ. मिसरी नसेल तर पोट साफ होत नाही असं त्या सांगतात आणि ते काही मनाचे खेळ नाहीत, निकोटीननं आतड्याची हालचाल वाढते. मग चहा आणि चहाबरोबर गोळी, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली (दोन्ही शुगरची औषधं, पण ग्लिमेपिराइड पोटात काही नसलं तरी शुगर खाली ओढतं), कारण पाकिटावर जेवणाआधी लिहिलंय आणि त्यांना तसंच सांगितलेलं. सव्वापाचला गोळी पोटात. भाकरी फडक्यात बांधून बरोबर. सहाला नाका, पिकअपमधे बसल्या बसल्या दुसरी मिसरी, साडेसातला बागेत काम सुरू, नऊला तिसरी. आणि भाकरी कधी उघडते? अकराला. मधे जवळपास सहा तास, पोटात फक्त चहा आणि ग्लिमेपिराइड, आणि भूक लागत नाही कारण मिसरीनं भूक मरते. दहा वाजून दहा मिनिटांनी मावशींच्या कपाळावर घाम आला, थंडीत, जानेवारीत, बोटं थरथरायला लागली. टोचलं, ५८.

शुगर सत्तरच्या खाली गेली की हायपो म्हणतात, म्हणजे शुगर फार कमी होणं. गूळपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ८९, मग भाकरी.

दुपारी अजून एक गोष्ट झाली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जेवण झाल्यावर मावशींनी जरा जास्तच मिसरी लावली आणि परत म्हणाल्या गरगरतंय. टोचलं तर १३१. म्हणजे ही चक्कर वेगळी, निकोटीनची. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "ही डोक्याची चक्कर हाये, सकाळची घामाची व्हती." डोक्याची चक्कर आणि घामाची चक्कर. नऊ वर्षांत आमच्यापैकी कोणाला जमलं नव्हतं ते निदान त्यांनी दोन आकडे बघून केलं. आता मी बाकीच्या पेशंटनाही हेच शब्द वापरून विचारते.

मॅडमनी गोळी वेगळी केली, ग्लिमेपिराइडचा डोस कमी करून तो भाकरीच्या वेळेला लावला, मेटफॉर्मिन खाल्ल्यावर (हे डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघून ठरवलं, कोणी वाचून घरच्या घरी करू नका). पण भाकरी अकराला हा प्रश्न राहिलाच. सकाळी निघायच्या आधी खा म्हणणं सोपं आहे, पहाटे पाचला कोणाला भूक असते? मग नऊला का नाही खात?

इथे मला जे कळलं ते कुठल्याच फॉर्ममधे बसत नाही. टोळी उक्त्यावर काम करते, एकराचा भाव ठरलेला, चौदा बायकांत वाटून. एक थांबली की बाकीच्यांच्या अंगावर पडतं. जेवायची सुट्टी अकराला एकदाच. पण नऊला "मिसरीची सुट्टी" असते, पाच-सात मिनिटं, आणि ती मुकादम पण देतो, बायका पण मान्य करतात, कारण सगळ्यांनाच लागते. बांधावर ओळीनं बसतात, डब्या निघतात, चौदापैकी अकरा जणींकडे डबी आहे, सासूचं, सुनेचं, कोणाचा नवरा काय बोलला हे सगळं तेव्हाच निघतं. तेव्हा जर मावशींनी फडकं सोडून भाकरी खाल्ली तर ती "मधेच खायला बसली", आणि बोटाला मिसरी लावून बसली तर काही नाही. मी त्यांना मिसरी सोडा म्हणत होते म्हणजे खरं तर त्यांची दिवसातली एकमेव हक्काची बैठक सोडा म्हणत होते. माझ्या चहाच्या सुट्टीबद्दल कोणी असं बोललं असतं तर मी काय केलं असतं, असो.

त्याआधी मी नेहमीचं सगळं करून बसले होते हे कबूल करते. कॅन्सरच्या तोंडाचे फोटो दाखवले, मावशी शांतपणे म्हणाल्या माझी सासू ऐंशी वर्षांची होऊन गेली, शेवटच्या दिवशीसुद्धा तिनं लावली होती. क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर दिला, १८००११२३५६, मोबाइल मुलाकडे असतो, फोन झालाच नाही. निकोटीनच्या च्युइंगमचा विषय काढला, मेडिकलवर दोन मिलिग्रॅमचं मिळतं, पण हलत्या दातांनी ते चावायचं कसं. केन रेस्निकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मधे संस्कृतीनुसार कार्यक्रम बसवायचे दोन थर सांगितले होते, एक वरवरचा, म्हणजे भाषा, चित्रं, कपडे आपल्या लोकांसारखे करणं, आणि एक खोल, म्हणजे ती गोष्ट त्या लोकांच्या जगण्यात कशाला धरून उभी आहे ते बघणं. आमच्या फ्लिपचार्टवर नऊवारीतली बाई आहे. तेवढंच.

मुकादमाशी मी बोलले नाही, मावशींनीच नको म्हटलं, "बाहेरची बाई येऊन बोलली की त्याला वाटंल कंप्लेंट केली". त्यांनी स्वतःच दोघी जणींना धरलं, त्यातली एक शुगरचीच निघाली, आणि तिघींनी मिसरीच्या सुट्टीत आधी अर्धी भाकरी खायची असं सुरू केलं. सुट्टीचं नाव मिसरीचीच राहिलं. पहिले काही दिवस टोमणे बसले, मग कोणी लक्ष देईना. घामाची चक्कर बंद झाली आणि ती बंद झाल्यावर गोळ्या रोज व्हायला लागल्या. एप्रिलमधे एचबीएवनसी ८.९. मिसरी तेव्हाही पाच वेळा चालूच होती, हे नीट लक्षात घ्या, कारण नंतर मीटिंगमधे कोणीतरी हे "तंबाखू सोडवल्यामुळे शुगर कमी झाली" असं सांगून टाकलं आणि मला मधेच बोलावं लागलं.

मिसरी सोडायचा विषय परत मावशींनीच काढला, आषाढी जवळ आल्यावर. त्या दर चातुर्मासात एक नेम धरतात, एका वर्षी वांगं, एका वर्षी कांदा-लसूण, सासू वारली त्या वर्षी चहा. म्हणाल्या, यंदा मिसरी धरू का? मला आनंद झाला आणि भीती पण वाटली. नेम हा काही आमच्यासारखा पंधरा टक्के कमी, पंचवीस टक्के कमी असा हिशोब नसतो, तो पाळला किंवा मोडला. आणि मोडला तर तो माझ्यापाशी नाही, देवापाशी मोडला. मॅडम म्हणाल्या आपण अडवू नये, फक्त तयारी करून द्यावी. तयारी म्हणजे काय, तर पोट साफ होण्यासाठी रात्री इसबगोल आणि पहाटे कोमट पाणी, दातांना कडुनिंबाची काडी, बांधावर बसताना हातात काहीतरी हवं म्हणून भाजलेली बडीशेप, आणि पहिला आठवडा चिडचिड होईल, डोकं दुखेल हे घरी आधीच सांगून ठेवणं. एकादशीला पूर्ण उपास करायचा नाही हेही बोलून घेतलं, फराळ करायचा आणि त्या दिवशीच्या गोळीचं मॅडमना विचारायचं.

सोळा दिवस गेले. सतराव्या दिवशी थोरले दीर वारले. घरात सुतक, भेटायला येणाऱ्या बायका, प्रत्येक जण आली की बसते, रडते, मग डबी काढते आणि पुढे करते. दुःखाच्या घरात पुढे केलेली डबी नाही म्हणता येत नाही, ते मी बाहेरून समजू शकते इतकंच. दहाव्याला पुरुष रामकुंडावर गेले तोपर्यंत मावशी परत पाचवर.

आणि मग त्या यायच्याच बंद झाल्या. दोन तारखा चुकल्या. मी निरोप पाठवला, "कामावर हाये". खरं कारण लाज होती. हेच मला आधी वाटलं होतं आणि तरी मी त्यासाठी काहीच ठरवून ठेवलं नव्हतं, सोळा दिवसांची बडीशेप दिली पण सतराव्या दिवसाचं बोललेच नाही. ही माझी दुसरी चूक.

त्यांना परत आणलं ते त्यांच्याच चाळीतल्या एका माळकरी आजींनी. मला हे नंतर कळलं. आजी म्हणाल्या होत्या, "एकादशी चुकली तर माणूस पुढची धरतो का न्हाई? का चुकली म्हणून बारा महिने सोडून देतो?" मी समुपदेशनाच्या कोर्समधे घसरण, पुनरावृत्ती, सगळं शिकलेय, पण पुढची धरायची इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही. घटस्थापनेच्या आधीच्या सोमवारी मावशी येऊन बसल्या, डबी टेबलावर ठेवली, आणि म्हणाल्या, "मोडला. बोला."

आता आम्ही नेम हा शब्द ठेवला पण छोटा केला. बांधावरची नाही, पिकअपमधली नाही, रात्रीची नाही. पहाटेची राहू दे, ती सुटत नाहीये, पोटाचं त्यांना अजून जमत नाही आणि मी पण त्यावर अडून बसले नाही. नवरात्रात नऊ दिवस घट बसले असताना पहाटेचीही लावली नाही, दसरा झाला की सुरू. वणीला चालत जायचं होतं, मॅडमनी पायाची तपासणी करून, बूट घालून आणि खिशात गूळ ठेवून जा म्हटलं, शेवटी त्या एसटीनं गेल्या. ऑक्टोबरात एचबीएवनसी ८.२. मी याला यश म्हणणार नाही, सातच्या आसपास आणायची आहे, वजन दोन किलो वाढलंय, नवऱ्याच्या दारूचं तर आम्ही अजून तोंडही उघडलेलं नाही. मावशींच्या मते घरात पैसा टिकत नाही त्याचं मूळ तिथे आहे, शुगरचंही.

फॉर्मवरचा चौकोन बदलायचा म्हणून मी लिहून दिलंय, अजून छापून आलेला नाही. तोपर्यंत मी पेनानं चौकोनाच्या बाजूला "दात कशानं घासता" असं लिहिते आणि गेल्या काही महिन्यांत त्या एका ओळीवर जेवढ्या डब्या टेबलावर आल्यात त्यातल्या बऱ्याच जणींच्या आधीच्या पेपरवर "नाही" आहे.

मावशींना पुढची तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली दिली होती. विरळणी सुरू झालीये, अजून आल्या नाहीत. टोळीतली ती दुसरी शुगरवाली येऊन गेली, म्हणाली भाकरी चालू आहे, डबीचं काही बोलली नाही. रविवारी सकाळी नाक्यावर जाऊन बघते.